दारात काय आहे?

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरच्या बसस्टँडवर नागपूरची बस लागली होती. मी पहिल्यांदाच एकटी पुण्याला निघाले होते, आणि बाबूजी माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या शेजारच्या सीटवरच्या बाईंशी बोलत होते. माझी बॅग वर ठेवायला म्हणून ते बसमध्ये चढले होते. बॅग ठेवून झाली, तरी उतरायचं नाव नाही.

"कुठच्या बाई तुम्ही?"

"लोधीखेड्याच्या."

"लोधीखेड्यात कोणाकडच्या?"

बाईंनी सांगितलं. बाबूजींनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ज्या पांढुर्ण्याच्या शाळेत ते रोज बसने जाऊन गणित शिकवायचे, त्याच शाळेत बाईंचे दीर कारकून होते. झालं! धागा लागला.

"मंग तं घरच्याच झाल्या तुम्ही. ही माही पोरगी. शिकाले पुण्याले जाऊन राहिली. नागपुरात हिले गाडीत बसवून देजा."

"देतो ना गुरुजी. काही फिकर नका करू."

आई खाली खिडकीशी उभी होती. तिने सांबारवड्यांचा डबा आत सरकवला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्यात हे किती वेळा समजावून सांगावं लागणार आहे, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला तशी ती म्हणाली, "गप नको बसजो तिकडं. तुले कोणी नाही पुसलं, तं तू पुसजो."

बोरगाव येईपर्यंत बाईंना माझे मार्क, माझ्या मावश्या आणि माझी भीती सगळं कळलं होतं. त्यांनी सोलून दिलेली दोन संत्री मी रडत रडत खाल्ली. नागपूरला त्या माझ्याबरोबर प्लॅटफॉर्मवर आल्या, गाडीचा डबा शोधला, समोरच्या बर्थवरच्या कुटुंबाला "कुठचे तुम्ही?" म्हणून विचारलं आणि मला त्यांच्या हवाली करूनच गेल्या. त्या बाई मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. आज हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी, जे सौसर-पांढुर्ण्यातच राहिलात आणि मी आले की "केव्हा आली? किती दिवस हाय?" असं एका दमात पुसता. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे बॅग घेऊन निघालात आणि आता कुणी काही विचारलं की आधी दचकता.

आपल्याकडे विचारत नाहीत, पुसतात. दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसली की कुठचे, कोणाचे, तिकडे अमके आहेत ते तुमचे कोण, असं पुसत पुसत कुठेतरी नातं निघतंच. निघालं नाही तर निदान सोयरिकीतलं एखादं गाव तरी निघतं. मग दोघंही सैल होऊन बसतात. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. रामाकोन्याला आमचा संत्र्यांचा छोटा बगीचा आहे. तिथपर्यंतच्या एवढ्याशा प्रवासात बाबूजी तीन नवी माणसं जोडून उतरायचे.

या पुसण्याला एक वाईट बाजूही आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आडनाव विचारून माणसाला मापणारेही आपल्याकडे आहेत. बाबूजी कधीच आडनाव विचारायचे नाहीत. हजेरी घेताना कोणत्या आडनावाशी पोरं मान खाली घालतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. "आडनाव नाही पुसाव," ते म्हणायचे, "गाव पुसाव. गाव सगळ्यायले असते."

पुण्यात खोली बघायला गेले, तेव्हा मालकीणबाईंनी पाणी दिलं. मी लगेच माझ्या परीने ओळख वाढवायला घेतली. तुमचं मूळ गाव कोणतं? काका कुठे नोकरीला होते? मुलगा एकच का? त्याचं लग्न झालं का? बाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही खोली बघायला आलात की स्थळ?"

मी कानाला खडा लावला. पुढे कॉलेजातही माझ्या बोलण्याला मुली हसल्या, तुम्ही हिंदीवाले का म्हणाल्या. भोपाळला गेलं तर आम्ही मराठीवाले, पुण्यात हिंदीवाले. आपलं सौसर मध्येच कुठेतरी टांगलेलं. जवळजवळ वर्षभर मी कामापुरतंच बोलले. आईला फोनवर सांगायचे, "हो, मैत्रिणी झाल्या." एकही झाली नव्हती.

मग मी हळूहळू इथलं बोलणं शिकले. खरंच शिकले, परकी भाषा शिकावी तसं. लिफ्टमध्ये नुसतं हसायचं. पगार, भाडं, लग्न, मूल हे विषय समोरच्याने काढल्याशिवाय काढायचे नाहीत. बोलणं संपत आलं की समोरचा मोबाईल हातात घेतो, ते ओळखायचं. गंमत म्हणजे माझा तोच व्यवसाय झाला. विशेष शिक्षणाचा कोर्स केला आणि आज मी स्वमग्न तरुण मुलामुलींना रोजच्या जगण्यातलं बोलणं शिकवते. जे बाकीच्यांना आपोआप येतं असं सगळे समजतात, ते. शेजारी भेटला तर काय म्हणायचं, दुकानात चुकीची वस्तू मिळाली तर कसं सांगायचं, किती अंतरावर उभं राहायचं. माझ्या वर्गात एक पिवळा चेंडू आहे. तो ज्याच्या हातात, त्याची बोलायची पाळी. बोलून झालं की चेंडू समोरच्याला द्यायचा. भिंतीवर कार्डं आहेत. चौथ्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "खाजगी प्रश्न विचारू नयेत."

सानिका माझ्या वर्गात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. झाडांची तिला विलक्षण समज. कुंडीतली माती बोटाने चाचपून सांगायची, आज पाणी नको. शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेच्या मालकाने तिला कामावर घ्यायची तयारी दाखवली होती, पण होळीच्या आधी एक आठवडा काम करून बघू म्हणाला; गिऱ्हाइकांशी चार वाक्यं बोलता आली पाहिजेत. तिची आई मला दाराबाहेर घेऊन म्हणाली होती, "मॅडम, मी आहे तोवर ठीक. नंतर हिला जगाशी बोलावं लागेल ना?"

आणि सानिकाची गाडी पहिल्याच वाक्याला अडायची. "कशी आहेस?" म्हटलं की गप्प. चेंडू हातात घेऊन मिनिटभर गप्प. आपण कसं आहोत याचा ती खराखुरा विचार करायची, आणि त्याचं नक्की उत्तर कुणाकडे असतं? "छान, असं म्हणून टाकायचं," मी सांगायचे. ती म्हणायची, "पण ते खरं नाही." तीन महिने मी याच दगडावर डोकं आपटत होते.

त्याच सुमारास, जानेवारीत, बाबूजी पुण्याला आले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. संत्री विकून झाली होती, बगीचा चुलतभावाने सांभाळायला घेतला होता. माझ्या मनात होतं की त्यांनी आता इथेच राहावं. सौसरच्या घरात एकट्याने भात टाकायचा आणि एकट्यानेच खायचा, हे मला इथे बसून सहन होत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले आणि बाबूजींनी लगेच सुरू केलं, "कुठचे साहेब तुम्ही? मूळ गाव कोणतं? घर भाड्याचं का सोताचं?" गृहस्थ चौथ्या मजल्यावर उतरले आणि उरलेले दोन मजले जिन्याने गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबूजी, इथे असं विचारत नाहीत."

"मंग काय बोलतेत?"

"हवेबद्दल बोलायचं. आज गारठा आहे, असं काहीतरी."

"गारठा तं त्यालेही लागून राहिला असंल," बाबूजी म्हणाले. "त्याले काय सांगाचं?"

मी हसले नाही, नियम सांगितले. वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसायचं नाही, बागेत लोकांच्या मुलांना नावगाव विचारायचं नाही. चौथं कार्डच वाचून दाखवलं म्हणा ना. आणि बाबूजींनी ते पाळलं. आयुष्यभर नियम पाळायला लावणारा माणूस, त्यांनी माझेही पाळले. सकाळी फिरून यायचे, पेपर वाचायचे, गॅलरीत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी मी घरी येईपर्यंत त्यांचा आवाज बसलेला असतो, दिवसभर वापरलाच नाही म्हणून. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "बेटा, माहं तिकीट काढून दे. बगीच्यात पाहा लागते." बगीच्यात काही पाहायचं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मला फार अपराधी वाटलं. ज्या गप्प बसण्याने मला पहिलं वर्ष खाल्लं होतं, तेच मी त्यांच्या ताटात वाढत होते. काय करावं सुचेना, म्हणून म्हटलं, दोन दिवस माझ्या वर्गात या. मुलांना सरावासाठी अनोळखी माणूस लागतो. तिथे त्यांच्या हातात मी कार्ड दिलं: नमस्कार, कशी आहेस, आज गारठा आहे. एवढंच बोला, म्हणून बजावलंही.

समोर सानिका. बाबूजींनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं, "कशी आहेस?" आणि चेंडू तिला दिला. सानिका गप्प. मी घड्याळाकडे पाहत होते. बाबूजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग कार्डाची घडी करून खिशात घातली.

"गाव कोणतं बेटा तुहं?"

"कोथरूड," सानिका म्हणाली. लगेच!

"ते झालं राहाचं. गाव?"

तिने मान वर केली. "आजोबांचं गाव भोरजवळ आहे."

"तिथं कोण राहते आता?"

"आत्या."

"आत्याच्या दारात काय हाय?"

"चिकूचं झाड. आधी दोन होती."

"दुसऱ्याचं काय झालं?"

आणि सानिका बोलायला लागली. दुसरं झाड विहिरीच्या बाजूचं होतं, मुळाशी वाळवी लागली, वाऱ्यात पडलं, पडताना गोठ्याचं पत्र्याचं छप्पर घेऊन पडलं, आत्या रडली, सानिका नाही रडली, पण तिने त्या झाडाचं एक पान अजून ठेवलं आहे. "कशी आहेस" या प्रश्नाला खरं उत्तर नव्हतं. "दारात काय आहे" याला होतं. इतकं साधं होतं ते, आणि मी, शिकलेली बाई, तीन महिने तिला हवेबद्दल बोलायला लावत होते.

बोलून झाल्यावर तिने चेंडू परत दिला. बाबूजींनी तो घेतलाच नाही. "आता तू पुस मले."

"काय?"

"मी पुसलं, तेच."

सानिकाने त्याच क्रमाने विचारलं. गाव कोणतं, तिथं कोण राहतं, दारात काय आहे. बाबूजींनी सगळ्याची उत्तरं दिली, पण मला ती ऐकू आली नाहीत, कारण मी तोवर बाहेर जाऊन तोंड धूत होते.

तिकिटाचा विषय होळीपर्यंत पुढे गेला. बाबूजी आठवड्यातून तीन दिवस वर्गात यायला लागले, इस्त्रीचा सदरा घालून, तासाच्या दहा मिनिटं आधी. त्यांनी फळ्यावर लिहायच्या वळणदार अक्षरात नवी कार्डं केली. आमचे वादही झाले. मी म्हणायचे, मुलींनी रस्त्यावर भेटेल त्याला गाव सांगत सुटायचं का? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "नाही. हे बरोबर हाय तुहं." मग शेवटचं कार्ड मी लिहिलं: समोरच्याने उत्तर टाळलं तर थांबायचं, आणि आपल्याला सांगायचं नसेल तर "नको" म्हणायचं. सुरू कसं करायचं ते सौसरने सांगितलं, थांबायचं कसं ते पुण्याने. चौथं कार्ड मी काढून टाकलं.

रोपवाटिकेतल्या त्या आठवड्यात मी तिसऱ्या दिवशी न सांगता गेले आणि कुंड्यांच्या आड उभी राहिले. एक बाई मोगरा मागत होत्या. सानिका कार्डातलं काही म्हणाली नाही. तिने विचारलं, "कुठे लावणार? तिथे ऊन किती येतं? पाणी कोण घालणार?" बाई म्हणाल्या, पूर्वेची गॅलरी आहे, पाणी सासूबाई घालतील. "मग हा घ्या," म्हणत सानिकाने मागचं एक रोप काढून दिलं. मालक मला नंतर म्हणाला, "बाकीची पोरं रोप विकतात. ही आधी चौकशी करते, मग देते. लोक तिलाच शोधत येतात." सोमवारपासून ती कायमची कामावर लागली. तिच्या आईने मला फोन केला आणि पाच मिनिटं नुसती रडली. मी तिला थांबवलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी बाबूजींना गाडीत बसवायला गेले. तुम्ही राहा, असं मी शेवटपर्यंत म्हणत होते. ते म्हणाले, "येईन ना परत. पोरायले सांगून ठेवलं म्या. पण मले सगळे पुसत असतील तिकडं." ते खरंच होतं. सौसरला त्यांना दिवसातून पन्नास माणसं पुसतात. पुण्यात मी एकटी, तीही संध्याकाळी सातनंतर. घर एकटं होतं, माणूस एकटा नव्हता. हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

बाबूजींच्या समोरच्या बर्थवर एक तरुण जोडपं बसलं होतं, दोघंही मोबाईलमध्ये. मी बॅग वर ठेवली, उतरायला निघाले आणि पुन्हा मागे वळले.

"कुठचे तुम्ही?" मी विचारलं. अठरा वर्षांनी, अनोळखी माणसाला, भर गाडीत.

"आम्ही? नागपूरचे," मुलगी म्हणाली.

"नागपुरात कुठे?"

धागा लागायला फार वेळ लागला नाही. तिची आई पांढुर्ण्याची निघाली. "मग घरच्याच की तुम्ही," मी म्हटलं. "हे माझे बाबूजी. नागपूरला उतरताना जरा लक्ष द्या." बाबूजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. हसत होते की काय, मला दिसलं नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मागच्या रविवारी मी घरासाठी एखादं रोप घ्यावं म्हणून रोपवाटिकेत गेले. सानिकाने मला ओळखलं, पण कामावर असताना ती काम करते. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं गाव कोणतं?"

इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मला माझ्याबद्दल काही विचारलं नव्हतं. "पुणे," मी म्हणाले.

"ते झालं राहायचं. गाव?"

"सौसर."

"तिथं कोण राहतं?"

"बाबूजी."

"दारात काय आहे?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. आई होती तेव्हा दारात मधुमालती होती, कढीपत्ता होता, हातपंपाशेजारी अळू होता. पण आता? मी दर दिवाळीला जाते, बॅग आत टाकते, चार दिवसांनी उचलते. दारात काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं. सानिका वाट पाहत होती. तिने माझ्यासारखं घड्याळ बघितलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले. "विचारून सांगते."

तिथेच कुंड्यांमध्ये उभं राहून फोन लावला. दर रविवारी बाबूजीच फोन करतात. जेवली का, थंडी हाय का, तब्येत कशी. ते पुसतात, मी उत्तरं देते, आणि "बरं, ठेवते" म्हणते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! चेंडू समोरच्याला द्यायचा, हे जगाला शिकवणाऱ्या बाईने आपल्या बापाकडून आलेला चेंडू अठरा वर्षं हातात धरून ठेवला होता. तुम्हा सगळ्यांकडून आलेलाही. तुम्ही पुसत राहिलात आणि मला वाटलं, तुमचा तो स्वभावच आहे. तुम्हालाही कुणी पुसावं लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बसच्या खिडकीशी आईने सांगितलं होतं ते हेच. मी डबा घेतला होता आणि तिचं वाक्य तिथेच ठेवून आले होते.

"बाबूजी, आपल्या दारात काय आहे आता?"

पलीकडे चपला पायात सरकवल्याचा आवाज आला, कडी काढल्याचा आला. बाबूजी फोन घेऊन दारात गेले होते.

"मधुमालती हाय ना तुह्या आईची. वरपर्यंत गेली. कढीपत्ता मेला होता, पण बुडातून फुटून राहिला, बोटभर फोक निघाले. हातपंपापाशी म्या संत्र्याचं एक कलम लावलं, होळीले आलो तेव्हा. चार पानं धरली त्यानं." मग म्हणाले, "पहिल्यांदाच पुसलं तू, बेटा."

सानिका समोर उभीच होती. मी तिला सगळं सांगितलं: मधुमालती, कढीपत्ता, चार पानांचं संत्र्याचं कलम. तिने ते ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "पाणी कोण घालतं, ते राहिलं."

"बाबूजी," मी विचारलं, "पाणी कोण घालतं?"